ऑलराउंड माणूस व्हायचं म्हणतोय, रेनेसान्सवाल्यांकडून नक्की काय घ्यावं?

शिरोलीकर_३६

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

वय ३६, मेकॅनिकल डिप्लोमा, कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, ११ वर्षं झाली. पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग्ज (ओतलेले भाग) तपासायची, ब्लो होल म्हणजे आत हवेची पोकळी आहे का, क्रॅक आहे का, माप बसतंय का, रिपोर्ट भरायचा आणि पुढचा लॉट घ्यायचा. कामाबद्दल तक्रार नाही, पगार वेळेवर होतो.

झालं असं की मुलगी दुसरीत आहे, तिला शाळेतून 'माझे बाबा' असं एक पान भरायला दिलं होतं. त्यात एक रकाना होता, बाबांना काय काय येते. तिने लिहिलं 'बाबा कास्टिंग चेक करतात' आणि पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत बसली, अजून काय लिहू म्हणून. मला दुसरं काही सुचेना. गाडी चालवतात असं लिही म्हणालो. ते डोक्यातून जाईना.

मग लिओनार्दो दा विंचीवरचे व्हिडिओ बघितले, रेनेसान्स मॅन, माणसाने चित्रकार पण व्हावं, इंजिनिअर पण, संगीत पण यावं, शरीर पण कमवावं. भारावून गेलो आणि टाइमटेबल केलं. पहाटे ५ ला सूर्यनमस्कार, मग २० मिनिटं गिटार, बसमध्ये संस्कृतचं ॲप, जेवल्यावर स्केचिंग, रविवारी ट्रेक. चार महिने रेटलं. आता गिटारच्या तारा गंजल्यात, संस्कृत पहिल्या विभक्तीवर अडकलंय आणि स्केचबुकात सहा पानं आहेत, त्यातली चार सफरचंदाची. मेव्हणा म्हणाला एक ना धड भाराभर चिंध्या. ते लागलं मला, कारण त्याचं चूक आहे असं म्हणता येईना.

तर विचारायचं हे की तो आदर्श आपल्यासारख्या नऊ तास ड्युटीवाल्याला लागू होतो का, की ते राजेरजवाड्यांच्या पैशावर जगणाऱ्यांचं काम होतं? आणि घ्यायचंच झालं तर त्यातलं नेमकं काय घ्यावं? 'मनापासून केलं की जमतं' असलं कृपया नको, ते व्हिडिओत भरपूर ऐकलंय.

---

जुनी_वही

शिरोलीकर, मी ३० वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला. आपल्या पुस्तकात रेनेसान्सला, म्हणजे युरोपातल्या चौदाव्या ते सोळाव्या शतकाच्या त्या काळाला, प्रबोधनकाळ म्हणतात आणि दोन पानांत लिओनार्दो, मायकेलअँजेलो सगळे उरकतात. मीही तसंच उरकत आलो, रिटायर झाल्यावर सावकाश वाचलं तेव्हा कळलं की मुलांना मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली.

आधी एक. 'सर्वगुणसंपन्न प्रबोधनकालीन माणूस' ही जी ठाशीव मूर्ती आपल्यासमोर आहे ती बरीचशी नंतर घडवलेली आहे. याकोब बुर्कहार्ट नावाच्या स्विस इतिहासकाराचा इटलीतल्या प्रबोधनावरचा ग्रंथ १८६० चा, तिथून ती कल्पना घट्ट रुजली. लिओनार्दो पहाटे उठून आज चित्रकला, उद्या शरीरशास्त्र असं टाइमटेबल लावून बसला नव्हता.

मग तो तसा झाला कसा? तर कारखान्यामुळे. जन्म १४५२ चा, वडील नोटरी, पण हा अनौरस, लॅटिनचं रीतसर शिक्षण नाही. स्वतःला तो 'अक्षरशत्रू माणूस' अशा अर्थाचं म्हणवून घ्यायचा, म्हणजे विद्यापीठवाल्या पंडितांच्या हिशेबी अडाणी. वडिलांनी फ्लॉरेन्सला वेरोक्यो या शिल्पकार-चित्रकाराकडे कामाला ठेवला. त्या जागेला तिकडे 'बोत्तेगा' म्हणतात. स्टुडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक शांत खोली येते, तसं काही नव्हतं ते. एकीकडे पोरं रंग खलतायत, एकीकडे ब्रॉन्झची ओतकामं, कोणी थडग्याचा दगड घडवतोय, कोणी जत्रेसाठी सजावट करतोय. म्हणजे तुमच्या फाउंड्रीत जसे साच्यासाठी लाकडी नमुने करणारे पॅटर्नवाले, मोल्डिंगवाले, भट्टीवाले, ओतलेला भाग साफ करणारे फेटलिंगवाले एका छपराखाली असतात तसंच, फक्त पेंटिंग हे आणखी एक खातं.

तुमच्या धंद्यातली म्हणून सांगतो. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या, म्हणजे सांता मारिया देल फियोरेच्या, घुमटावर पहिला जो तांब्याचा गोळा बसवला तो वेरोक्योच्या कारखान्याने केला, १४७१ साली वर चढवला. लिओनार्दो तेव्हा १९ वर्षांचा. आणि साठी ओलांडल्यावर तो वहीत टिपण करतो की सांता मारिया देल फियोरेच्या गोळ्याचं झाळकाम कसं केलं होतं ते आठव! चाळीस वर्षांनी. उमेदवारीत बघितलेलं एक झाळकाम माणूस चाळीस वर्षं डोक्यात बाळगतो आणि म्हातारपणी आरसे बनवायच्या विचारात असताना ते पुन्हा काढून बघतो. माझ्या मते या प्रबोधनातून घ्यायची गोष्ट ही आहे. त्याचे सगळे विषय एका कामाच्या आतून फुटत गेले. माणूस नीट काढायचा तर स्नायू बघायला हवेत, म्हणून प्रेतं फाडली. पाणी काढायचं तर ते वळतं कसं बघायला हवं, म्हणून कालवे आणि भोवरे. तुमचे पाच विषय बाहेरून आणून एकमेकांशेजारी मांडलेत, त्यांची एकमेकांशी ओळखच नाही, म्हणून ते सुटले. तुमची इच्छा कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरं, त्याच्या कामाच्या याद्या वाचा. मिलानमध्ये असताना केलेली एक यादी आहे, त्यात मिलान शहर मोजायचं आहे, गणिताच्या मास्तरला गाठून त्रिकोणाचा चौरस कसा करतात ते समजून घ्यायचं आहे, पोर्तिनारी नावाच्या माणसाला विचारायचं आहे की फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडे) लोक बर्फावरून चालतात कसे. जवळपास प्रत्येक ओळीत कोणाला तरी जाऊन विचारायचं आहे. तुम्ही ११ वर्षांत पॅटर्न शॉपच्या मिस्त्रीला काय काय विचारलंत?

---

नेकारकाठ

जुनी वही सरांशी बराचसा सहमत, एक भर घालतो. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो, मशिन टूल्समध्ये. दोन वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सला गेलो होतो आणि त्या घुमटावर चढलो, ४६३ पायऱ्या. वाट दोन कवचांच्या मधून जाते, आतला घुमट एका बाजूला, बाहेरचा एका बाजूला, मध्ये तुम्ही वाकून चालताय आणि हाताला विटा लागतात. मध्येमध्ये उभ्या विटांची रांग तिरकी वर चढत गेलेली दिसते, माशाच्या काट्यासारखी. त्याने विटा एकमेकींना धरून राहतात, त्यामुळे खालून लाकडाचा अख्खा साचा न लावता १४२० ते १४३६ मध्ये तो घुमट उभा राहिला. मी तिथे थांबून बोट फिरवत बसलो, मागची लोकं खोळंबली.

हे ज्याने केलं तो ब्रुनेलेस्की मूळचा सोनार. आणि त्याची सुरुवात हरण्यातून झालीय. १४०१ ला बाप्तिस्त्रीच्या (बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीच्या) ब्रॉन्झच्या दरवाजासाठी स्पर्धा होती, काम गिबेर्ती या दुसऱ्या कारागिराला मिळालं. दोघांचे नमुने आजही बार्जेल्लो म्युझियममध्ये आहेत, शिरोलीकर तुम्ही बघाल तर लगेच कळेल, गिबेर्तीने जवळजवळ सगळं एका ओतात काढलंय, धातू कमी लागलाय, ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगळ्या ओतून प्लेटवर बसवल्यात. मूर्तिकलेबद्दल वाद घालता येईल पण कास्टिंग म्हणून गिबेर्ती उजवा.

हरल्यावर ब्रुनेलेस्की रोमला गेला, सोबत मूर्तिकार दोनातेल्लो. पडक्या इमारती मोजत बसला. त्याच्या चरित्रात आहे की लोकांना वाटायचं हे दोघं पुरलेलं धन शोधतायत. म्हणजे सर, कामातून फांद्या फुटतात हे खरं, पण त्याला फांदीसाठी गाव सोडून दगड मोजावे लागले, ते काही सोनारकामात आपसूक आलं नव्हतं. आणि घड्याळांच्या चक्रांची माहिती त्याला होती, ती भार उचलायच्या विंचमध्ये कामी आली, बैलांची चालायची दिशा न बदलता भार वर पण न्यायचा आणि खाली पण आणायचा असं गिअर त्याने केलं. तेव्हा बाहेरचं काही शिकूच नका असं नको व्हायला.

---

रेवाकाठ

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय. मला एक वेगळंच विचारायचंय, रागावू नका शिरोलीकरदादा. पहाटे ५ ला तुम्ही सूर्यनमस्कार आणि गिटार करत होता तेव्हा मुलीचा डबा कोण करत होतं?

टोमणा नाही हा, खरंच विचारतेय, कारण त्या काळाबद्दल बोलताना हा प्रश्न फार क्वचित येतो. मी बडोद्याची, बँकेत आहे, दोन मुलं, सासूबाईंचं डायलिसिस असतं आठवड्यातून दोनदा. ऑलराउंड व्हायची हौस मलाही आहे.

इटलीतच ब्रेशा गावात लाउरा चेरेता म्हणून एक बाई होऊन गेली, जन्म १४६९. पंधराव्या वर्षी लग्न, दीड वर्षात नवरा प्लेगने गेला. आईबापाच्या घरचा व्याप तिच्यावर. तिची लॅटिन पत्रं आहेत, १४८८ मध्ये तिने ती एकत्र केली, म्हणजे तेव्हा ती अठरा-एकोणीसची. त्यात ती सांगते की दिवसा तिला स्वतःचा म्हणून वेळ नाहीच, सगळी निजली की रात्र तिची. रात्री जागून वाचायचं, लिहायचं, आणि भरतकाम करायचं, तेही तिने इतकं बारकाईने वर्णन केलंय की ती सुईचं काम आणि लेखणीचं काम वेगळं मानत नव्हती असं मला वाटतं. तिला कोणी म्हणालं की तू बायकांमध्ये अपवाद आहेस, तर खूश व्हायचं सोडून ती भडकली. तिचं म्हणणं, बुद्धी निसर्गाने सगळ्यांना सारखीच दिलीय, कोण काय निवडतं त्यावर पुढचं ठरतं, आणि शिकलेल्या बायकांची तिने भली मोठी यादीच दिली. ते पत्र वाचून मी दोन दिवस हलले होते.

ती तिसाव्या वर्षी गेली. तिच्यासाठी कुठला ड्यूक पैसे देत नव्हता. तेव्हा तुमच्या 'राजेरजवाड्यांचं काम होतं का' याला माझं उत्तर असं, की काहींचं होतं आणि काहींनी झोप मोडून केलं. झोप मोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः ते करून आजारी पडलेय. पण वेळ घरातल्या कोणाच्या तरी वाट्यातून येतो हे आधी घरात बसून बोला. वहिनींना पण काही शिकायचं असेल, विचारलंत का कधी?

---

दगडी_पूल

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो कारण कोणीतरी बोलायला हवं.

लिओनार्दोचं पूर्ण न केलेलं काम बघा. १४८१ ला फ्लॉरेन्सबाहेरच्या एका मठाने त्याला वेदीचं मोठं चित्र सांगितलं, तो अर्धवट सोडून मिलानला गेला, आणि साधूंना शेवटी १४९६ ला फिलिप्पिनो लिप्पी या दुसऱ्या चित्रकाराकडून दुसरं चित्र मिळालं. पंधरा वर्षं. मिलानचं 'शेवटचं भोजन' हे भिंतीवरचं चित्र घ्या. ओल्या गिलाव्यावरच्या पद्धतीत गिलावा वाळायच्या आत तेवढा तुकडा उरकावा लागतो, याला सावकाश, पुन्हापुन्हा फिरवून काम करायचं होतं म्हणून कोरड्या भिंतीवर नवा प्रयोग केला, आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटायला लागले.

आणि शिरोलीकर, फाउंड्रीवाल्याला घोडा माहीत हवा. मिलानच्या स्फोर्झा ड्यूकसाठी ब्रॉन्झचा प्रचंड घोडा करायचा होता, अंदाजे ७० टन धातू, उंची सात मीटरच्या घरात, आणि याला तो एका ओतात काढायचा होता. १४९३ ला मातीचा पूर्ण आकाराचा नमुना तयार. मोल्ड लोखंडाने कसा बांधायचा, भट्ट्या किती, ओतताना घोडा आडवा ठेवायचा, सगळं वहीत आहे, त्या वह्या माद्रिदच्या ग्रंथालयात १९६० च्या दशकात सापडल्या. १४९४ ला युद्धाच्या गडबडीत ड्यूकने ब्रॉन्झ तोफांसाठी पाठवून दिलं. १४९९ ला फ्रेंच आले आणि त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेम धरायचा सराव केला. यात लिओनार्दोची चूक नाही हे मान्य, पण एकूण हिशेब बघितला तर हाती आलेली पेंटिंग्ज २० च्या आसपास.

त्याच्याकडे ती प्रतिभा होती म्हणून अर्धवट कामाचीही आपण पूजा करतो. आपण अर्धवट सोडलं तर ते अर्धवटच राहतं. माझा मुलगा तबला शिकतो, त्याचे गुरुजी एकच कायदा (तबल्यातली एक रचना) सहा महिने वाजवून घेतात. शिरोलीकरांनी एक काहीतरी पकडावं आणि दोन वर्षं सोडू नये असं माझं स्पष्ट मत. मेव्हण्याचं बोलणं कडू आहे पण टाकाऊ नाही.

---

जुनी_वही

पूलसाहेब, पोपड्यांचं मान्य. पण त्या घोड्याच्या वह्या आज आपण वाचतोय, ओतकामाचं इतकं बारीक टिपण त्या काळातलं मिळणं मुश्किल. घोडा गेला, वही राहिली. शिरोलीकरांनी एक पकडावं यात आपलं एकमत आहे, माझं म्हणणं एवढंच की ते एक त्यांच्याकडे ११ वर्षांपासून आहे.

---

कंदील

कधी लिहीत नाही इथे, आज लिहितो. २०२० ला माझी नोकरी गेली, १४ वर्षांची, फोनवर सात मिनिटांत. गावी आलो, साताऱ्याकडे. दिवसभर शेतात भावाला मदत, संध्याकाळी पारावर पत्ते, त्यात भांडणं. असे आठ-नऊ महिने गेले.

तेव्हा मॅकियाव्हेलीचं एक पत्र वाचनात आलं, १० डिसेंबर १५१३ चं, मित्राला लिहिलेलं. हा माणूस फ्लॉरेन्सच्या सरकारात मोठ्या हुद्द्यावर होता, १५१२ ला सत्ता बदलली, नोकरी गेली, पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग, हात मागे बांधून दोरावर टांगलं. सुटल्यावर शहराबाहेर आपल्या शेतावर. पत्रात दिवस सांगतो, सकाळी पक्षी धरतो, लाकूडतोड्यांशी हुज्जत घालतो, दुपारी गुत्त्यावर खाटीक आणि गिरणीवाला यांच्याबरोबर पत्ते, पैशापायी आरडाओरडा. वाचताना अंगावर काटा आला कारण हा माझाच दिवस होता.

आणि मग तो लिहितो, संध्याकाळी घरी येतो, दारातच चिखलाने भरलेले रोजचे कपडे काढतो, दरबारात जायचे कपडे घालतो, आणि अभ्यासिकेत जाऊन जुन्या लोकांच्या पुस्तकांत बसतो. त्यांना प्रश्न विचारतो, ते उत्तरं देतात. चार तास कसला कंटाळा नाही, गरिबीची भीती नाही, मरणाची नाही. त्याच दिवसांत त्याने ते राजनीतीवरचं गाजलेलं पुस्तक लिहिलं.

मी काय केलं सांगतो. चार तास शक्य नव्हते. रात्री साडेआठला आंघोळ, धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्री नसली तरी धुतलेला, आणि पाऊण तास पुस्तक. आई म्हणायची कुठे लग्नाला निघालास का. पण शर्ट बदलला की पाराचं भांडण बाहेर राहायचं, हे मी अनुभवाने सांगतो. नवी नोकरी लागूनही तीन वर्षं झाली, शर्ट अजून घालतो. काय शिकावं हे मला सांगता येणार नाही शिरोलीकर, पण त्या वेळेला दारातून आत जावं लागतं असं काहीतरी करा. गंजलेल्या तारांचं वाईट वाटून घेऊ नका.

---

गोटी

फक्त मुलीपुरतं लिहिते, मी बालवाडी शिक्षिका. इटलीतल्या मांतुआत १४२३ ला विट्टोरिनो दा फेल्त्रेने शाळा काढली होती, नाव 'ला जोकोसा', म्हणजे आनंदाचं घर. राजाची मुलं आणि गरिबांची मुलं एकत्र, गरिबांना फुकट. ग्रीक, लॅटिन, गणित, संगीत, आणि बाहेर मैदानी खेळ. लेकीला बरोबर घेऊन करा जे काय कराल ते, ती बघत असली की तुम्ही सोडणार नाही.

---

शिरोलीकर_३६

उशिरा उत्तर देतोय, नाइट शिफ्ट होती. सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं, घोड्याचं तर आमच्या भट्टीवाल्यांना पण वाचून दाखवलं, ७० टन एका ओतात म्हटल्यावर सगळे गप्प झाले, मग एकजण म्हणाला आत थोडा जरी ओलावा राहिला असता तर काय झालं असतं.

जुनी वही सर, तुमचा प्रश्न जिव्हारी लागला. मंगळवारी सुट्टी झाल्यावर घरी न जाता पॅटर्न शॉपला गेलो. तिथे एक मिस्त्री आहेत, साठीला आलेले. त्यांच्याकडे स्टीलची पट्टी होती, माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर त्यांची किंचित मोठी. आकडे तेच, पण ३०० मिलिमीटरला जवळपास तीनचा फरक. मी म्हटलं पट्टी चुकीची आहे. ते म्हणाले चुकीची नाही, बिड थंड होताना शंभराला साधारण एक आटतं, म्हणून आमची पट्टीच तेवढी लांब. आम्ही गणित करत बसत नाही, पट्टीने करून टाकलंय. डिप्लोमाला श्रिंकेज अलाउन्स पाठ करून मार्क मिळवलेत मी. ती पट्टी हातात घेतली नव्हती कधी. मग त्यांनी कोअर प्रिंट (आतल्या गाभ्याची बैठक) कशाला, ड्राफ्ट (नमुना साच्यातून सुटायला दिलेला उतार) किती का, लाकूड कुठलं निवडतात हे सगळं सांगितलं, दीड तास गेला. निघताना म्हणाले, क्वालिटीवाला फक्त रिजेक्शन घेऊन येतो, विचारायला पहिल्यांदा आला.

रात्री घरी एका व्हॉल्व्ह बॉडीचा अर्धा काप काढायला घेतला, आतून पाणी कसं फिरतं ते. मुलगी शेजारी बसली, तिने आपला वेगळाच व्हॉल्व्ह काढला, त्यात मासा आहे. पूलसाहेब, तुमचं पण पटलं, गिटार चुलत भावाला देऊन टाकली, संस्कृत बंद, ॲप काढलं. दोन वर्षं हेच, कास्टिंगचं चित्र आणि विचारून लिहिलेली वही. शर्टाचं करून बघतोय कंदीलभाऊ.

रेवाताई, बायकोला विचारलं. डबा तीच करत होती अर्थात. तिला काय शिकायचंय विचारलं तर आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली शिवणाची मोठी मशिन घ्यायची होती तीन वर्षांपूर्वी, तेव्हा आपण बाइक घेतली. आता मंगळवार-शुक्रवार रात्रीची भांडी आणि मुलीचा अभ्यास माझ्याकडे, ती गल्लीतल्या क्लासला जातेय ब्लाउजचं कटिंग शिकायला. तुम्ही सांगितलेल्या लाउराबाईंची पत्रं तिला वाचायला द्यायची होती, मराठीत आहेत का?

---

रेवाकाठ

मराठीत माझ्या बघण्यात नाही आली दादा, इंग्रजी भाषांतर आहे. ते अपवादवालं पत्र मी मराठीत करून इथेच टाकते, रविवारपर्यंत वेळ द्या, शनिवारी डायलिसिस आहे. आणि वहिनींना कटिंगचं कागदी पॅटर्न करताना एकदा बघा, त्या पण कापडाला शिलाईची जागा सोडूनच कापतात.